रॉड कुठपर्यंत टाकणार, हे आधी विचारा: पाठीच्या ऑपरेशनचा तिशीतून लिहिलेला रिव्ह्यू

हॉस्पिटलांच्या नावाखाली लोक जे रिव्ह्यू लिहितात ते मी वाचत असते. नागपूरच्या धंतोलीत गाडी लावायला जागा नाही, नर्स चांगल्या आहेत, बिलाच्या खिडकीवर फार वेळ लागतो. सगळं खरं आहे. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या वाकड्या कण्याचं ऑपरेशन करायचं की नाही हे ज्या आईबापांना ठरवायचं असतं, त्यांना डिस्चार्जच्या दिवशी लिहिलेल्या रिव्ह्यूचा उपयोग नसतो. मुलगी तिशीत कशी असेल, तिला कामधंदा जमेल का, मूल होईल का, पाठ दुखत राहील का, हे त्यांना कळायला हवं असतं. मी आता त्या वयात आहे, म्हणून लिहिते.

माझं ऑपरेशन २००७ च्या उन्हाळ्यात झालं, नागपुरातल्याच एका खासगी हॉस्पिटलात. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. छातीच्या भागात कणा उजवीकडे ५८ अंश वळला होता. ऑपरेशननंतर तो २१ अंशांवर आला आणि अलीकडच्या एक्स-रेत २३ भरला. एवढा फरक तर मोजण्यातही पडतो, त्यामुळे इतक्या वर्षांत पाठ होती तिथेच आहे असं समजायला हरकत नाही. त्रिमूर्तीनगरात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. दिवसभर कापड, कात्री आणि मशीन. पाठीची परीक्षा घ्यायला याहून कठीण काम शोधून सापडणार नाही.

या धंद्यामुळे मला वाकडा कणा बरेचदा आईच्या आधी दिसतो. मुलीला पाठमोरी उभी करून माप घेतलं की एका बाजूला कमरेची खाच खोल आणि दुसऱ्या बाजूला जवळपास सपाट. शोल्डरची टेप सरळ धरली तर एक खांदा तिच्या खाली जातो. कुर्ता शिवून अंगावर घातला की घेर एका बाजूला उचललेला, आणि आई म्हणते, "ताई, शिलाईत फरक आला." मग मी मुलीला पाय जुळवून, हात जोडून पुढे वाकायला सांगते. पाठ वाकली की एका बाजूच्या बरगड्या दुसरीपेक्षा उंच दिसतात. ही तपासणी विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८६५ मध्ये लिहून ठेवली, आणि आजही ओपीडीत पहिल्यांदा हीच करतात. पुढचं काम एक्स-रेचं. त्यावरून जो कोन मोजतात तो कॉब अँगल. १० अंश किंवा त्याहून जास्त असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि वयात येणाऱ्या शंभर मुलांमागे दोन-तीन जणांना तो असतो. बहुतेकांचा किरकोळच राहतो. मोठा बाक मात्र मुलींमध्ये कितीतरी जास्त.

हे कळल्या कळल्या आया दप्तरावर येतात. "किती वेळा सांगितलं, एका खांद्यावर घेऊ नको!" दप्तराने कणा असा वळत नाही. वाकून बसण्याने नाही, कॅल्शियम कमी पडल्याने नाही. या वयातल्या बहुतेक स्कोलिओसिसचं नेमकं कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही; घराण्यात कोणाला असेल तर शक्यता वाढते, इतकं माहीत आहे. त्यामुळे मुलीला रागावू नका. तिच्या हातात काही नव्हतं.

आता ऑपरेशनबद्दल. कणा नुसता बाजूला वळलेला नसतो, तो पिळलेलाही असतो. म्हणूनच बरगड्या मागे येतात. मणक्यांमध्ये दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवतात, त्यांत दोन रॉड अडकवतात, कणा जमेल तितका सरळ करतात आणि मणक्यांवर हाडाचा चुरा पसरतात. पुढच्या काही महिन्यांत ते मणके जुळून एकच हाड होतं. लोकांना वाटतं रॉड जन्मभर पाठ धरून ठेवतो. रॉडचं खरं काम हाड जुळेपर्यंतचं आहे. हाड जुळलं नाही तर मात्र तो कधी ना कधी तुटतो, आणि पाठ नव्याने दुखायला लागली की डॉक्टर आधी तेच तपासतात. ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूचे संदेश यंत्रावर पाहत राहतात. पायांतली ताकद जाण्याची भीती सगळ्यांना असते. या वयातल्या साध्या स्कोलिओसिसमध्ये असं होण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. कमी आहे, शून्य नाही, आणि सही करायच्या आधी हे तुमच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐका.

माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न वेगळाच आहे आणि तो कोणी विचारत नाही. सगळे विचारतात, किती सरळ होईल? विचारायचं ते हे: खाली कुठपर्यंत जोडणार?

माझ्या डॉक्टरांनी बाबांना केसपेपरच्या मागे पेनाने कणा काढून दाखवला होता. डी-४ पासून एल-१ पर्यंत, म्हणजे छातीच्या चौथ्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत. त्याखाली त्यांनी आडवी रेघ मारली. "इथे थांबतो. अजून दोन मणके घेतले तर एक्स-रे आणखी सुंदर दिसेल, पण हिला पुढे उठायचं-बसायचं आहे." बाबांना तेव्हा त्यातलं अर्धंच कळलं. मला त्याचा अर्थ आता रोज कळतो. कमरेचे चार मणके मोकळे आहेत म्हणून मी पाटावर बसते, वाकून मशीनची बॉबिन बदलते, लेकराला कडेवर घेते.

वॉर्डात माझ्या बाजूच्या खाटेवर हिंगण्याची एक मुलगी होती. तिचा बाक कमरेतच होता, त्यामुळे तिला एल-४ पर्यंत जोडावं लागलं. आमचं बोलणं अजून चालू असतं. तिचा एक्स-रे माझ्यापेक्षा सरळ आहे. पण ती पंगतीला खाली बसत नाही, लग्नात खुर्ची शोधते, आणि फोनवर पहिलं वाक्य असतं, "कंबर लय दुखून राहिली बाप्पा." जोडलेल्या भागाची सगळी हालचाल खाली उरलेल्या, मणक्यांमधल्या एक-दोन चकत्यांवर येते, आणि वय वाढतं तशा त्या लवकर झिजतात. जुन्या काळच्या रुग्णांची तपासणी करणाऱ्या काहींनाही हेच दिसलं होतं: जोड जितका खाली गेला, तितकी पुढे कंबरदुखी जास्त. तिच्या डॉक्टरांकडे दुसरा मार्ग नसेल. पण ज्यांच्याकडे एका मणक्याची निवड आहे, त्यांनी ती मोकळ्या मणक्याच्या बाजूने करावी असं माझं ठाम मत आहे.

माझी पाठ एकटीची, म्हणून थोडं माझ्या पलीकडचं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९६८ ते १९७७ मध्ये ऑपरेशन झालेल्या १५६ जणांना वीसहून जास्त वर्षांनी पुन्हा बोलावून तपासलं होतं. त्याच काळात ऑपरेशनऐवजी पट्ट्यावर, म्हणजे अंगाभोवती घालायच्या कडक ब्रेसवर, ठेवलेले १२७ जणही होते. ऑपरेशनवाल्यांचा बाक इतक्या वर्षांत सरासरी साडेतीन अंश वाढला होता, पट्टावाल्यांचा आठेक अंश. पाठीशी संबंधित दुसरं ऑपरेशन शंभरात पाचेक जणांना लागलं. पाठ दुखण्याचं प्रमाण बाकीच्या लोकांपेक्षा थोडं जास्त होतं, पण नोकरी, संसार, रोजचं जगणं यात फार फरक नव्हता. मुलं होण्यातही नव्हता. त्या सगळ्यांना हॅरिंग्टन रॉड होता. टेक्सासच्या पॉल हॅरिंग्टन यांनी तो पोलिओच्या मुलांसाठी तयार केला आणि १९६२ मध्ये त्याबद्दल लिहिलं. तो सरळ दांडा, वरखाली आकड्यांनी ताणलेला; त्याने कमरेचा नैसर्गिक बाक सपाट व्हायचा आणि काहींना पुढे ताठ उभं राहणंही जड जायचं. आताचे स्क्रू प्रत्येक मणक्याला धरतात आणि रॉड बाजूने पाठीच्या आकारात वाकवून घेतात. त्यामुळे आजच्या मुलींचं बरंच चांगलं जाईल असं मानायला जागा आहे. पण स्क्रूची पद्धत रुळली १९९० च्या दशकानंतर. त्या मुली अजून साठीला पोचलेल्या नाहीत, मीही नाही. कोणी जन्मभराची खात्री देत असेल तर ती देण्याइतका काळच अजून गेलेला नाही.

उलटी भीती घालणारेही भेटतात. ऑपरेशन नाही केलं तर मुलगी श्वास कोंडून मरेल, असं एका आईला सांगितलं होतं. तिच्या मुलीचा बाक ३४ अंश! अमेरिकेत आयोवाला ऑपरेशन न केलेल्या लोकांना पन्नास वर्षं पाहिलं आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांची पाठ इतरांपेक्षा जास्त दुखत होती, पण बहुतेक जण कामधंदा करून नीट जगले. दम लागण्याचा त्रास ८० अंशांच्या पुढच्या बाकात ठळकपणे जास्त होता. म्हणजे घाई नाही. मात्र छातीतला बाक ५० च्या पुढे गेला की उंची वाढायची थांबल्यावरही तो वर्षाला साधारण एकेक अंश सरकत राहतो, म्हणून डॉक्टर त्या आकड्याच्या आसपास ऑपरेशनचं बोलतात. मी ५८ वर होते. मला निर्णय बरोबर वाटतो.

२५ ते ४० अंशांच्या मधली मुलगी असेल आणि उंची वाढत असेल तर आधी पट्टा. २०१३ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अमेरिकन तपासणीत पट्टा लावलेल्यांपैकी ७२ टक्के मुलं ऑपरेशनच्या आकड्यापर्यंत गेली नाहीत. पट्टा न लावलेल्यांत हा आकडा ४८ होता. रोज तेरा तासांच्या वर लावणाऱ्यांचा निकाल ९० टक्क्यांच्या पुढे होता. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, तो प्लॅस्टिकचा पट्टा अंगावर ठेवणं काय असतं हे मी गिऱ्हाइकांच्या मुलींच्या अंगावर पाहिलं आहे: घामोळं, कमरेच्या हाडावर लाल चट्टे. आतून घालायला बिनशिवणीची, अंगाला चिकटणारी सुती बनियन घ्या, दोन-तीन वेळा बदला, दुपारी कूलरसमोर बसू द्या आणि जास्तीचे तास रात्रीत भरून काढा. शिवण पट्ट्याखाली आली की कातडी सोलते.

आता रोजचं. वरची पाठ गोल होत नाही. खाली पडलेली सुई उचलायला मी गुडघ्यातून बसते. ऑपरेशनआधी आईसारखीच जमिनीवर सतरंजी टाकून कटिंग करायचे. आता उभ्याने करते. टेबल कोपराच्या उंचीला सुताराकडून करून घेतलं, नेहमीच्या टेबलापेक्षा चांगलं उंच. मशीनला मोटर आहे. स्कूटी चालवते, मागे वळून बघता येत नाही तेवढं, म्हणून आरसे मोठे. खड्ड्यातून गेलं की कमरेत झटका बसतो, पण तो इथे कोणाला बसत नाही? टाक्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्टा अजून बधिर आहे. थंडीत सकाळी पाठ आखडते, अंगावर ऊन घेतलं की सुटते. दिवाळीच्या सीझनमध्ये, ऑर्डरी तुंबल्या की, संध्याकाळी कंबर दुखते. आठवड्यातून चार-पाच दिवस पोटाचे आणि कमरेचे व्यायाम करते, आणि ते सुटले तर आठवड्याभरात कळतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आमच्या गावचाच आहे: "काहून गं, उन्हाळ्यात रॉड तापत नाही का?" नाही तापत. तो स्नायूंच्या खाली, शरीराच्याच तापमानाला असतो. मेट्रोच्या स्टेशनवर किंवा विमानतळावरही माझ्यामुळे कधी काही वाजलेलं नाही.

लग्न ठरताना आम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं. एका घराने नंतर कळवलंच नाही. दुसऱ्या घरच्या बाई, म्हणजे माझ्या आताच्या सासूबाई, फक्त एवढंच म्हणाल्या, "जेवण कमी का करते आहेस, पाठीचा त्याच्याशी काय संबंध?"

ऑपरेशनला मी पाचपैकी पाच देते. त्यानंतरच्या सेवेला दोनच, आणि का ते नीट सांगते. दोन वर्षं बोलावलं, मग "आता यायची गरज नाही" म्हणाले. पाच-दहा वर्षांनी दाखवायला यावं, नवीन दुखणं सुरू झालं तर लगेच यावं, बऱ्याच वर्षांनीही रॉडभोवती जंतुसंसर्ग होऊ शकतो, टाक्याच्या रेषेवर फोड किंवा पू दिसला तर अंगावर काढू नये, यातलं काहीही कोणी सांगितलं नाही. डिस्चार्ज कार्डावर रॉड कोणत्या धातूचा, हेही नव्हतं.

त्याची किंमत बाळंतपणात कळली. बाळ पायाळू होतं म्हणून सिझेरियन ठरलं. रॉडमुळे सिझेरियनच करावं लागतं असं काही नाही. एका प्रसूतिगृहात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पाठीवरची रेघ पाहिली आणि म्हणाले, आत काय आहे, कुठपर्यंत आहे, कागद आणा. ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलात विचारलं तर इतकं जुनं रेकॉर्ड नाही म्हणाले. गरोदरपणात नवीन एक्स-रे नको होता. बाबांनी दिवाणातून जुन्या एक्स-रेचं पाकीट काढलं, डांबरगोळ्यांच्या वासाचं. ते घेऊन आम्ही दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी फिल्म खिडकीला लावली, माकडहाडापासून वर बोटाने मोजत गेल्या. "पाच, चार, तीन, दोन. हे चारही मोकळे. आपली सुई तीन आणि चारच्या मधे जाते. काळजी कशाची?" कमरेखालची भूल पहिल्याच सुईत लागली आणि लेकीचं पहिलं रडणं मी जागेपणी ऐकलं. हिंगण्याच्या मैत्रिणीला मात्र ती जागाच मोकळी नव्हती, तिला पूर्ण भूल द्यावी लागली. डॉक्टरांनी केसपेपरवर मारलेली रेघ इतकी पुढेपर्यंत येते.

म्हणून कागद. स्क्रू आणि रॉडच्या डब्यांवर स्टिकर असतात, त्यावर कंपनी, नंबर आणि धातू लिहिलेला असतो. ते स्टिकर हॉस्पिटलच्या फाइलमध्ये लावतात. त्या पानाची झेरॉक्स डिस्चार्जच्या दिवशीच मागा. टायटॅनियम असेल तर एमआरआय करता येतो, रॉडच्या जवळचं चित्र फक्त थोडं बिघडतं. पण मशीनवरचा माणूस धातू विचारतो आणि तोंडी उत्तरावर त्याचं समाधान होत नाही. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा एक्स-रे मोबाईलमध्येही ठेवा. दुसरं मत घ्यायला संकोच करू नका. सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, मिहानला एम्स आहे, रामदासपेठेत मणक्याचे डॉक्टर आहेत. खर्चाचं ठरवण्याआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटून सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. आणि प्रत्येक डॉक्टरला तोच प्रश्न: खालचा शेवटचा मणका कोणता, आणि एक वर का थांबता येत नाही?

उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन ठरलेल्या मुलींच्या आया एप्रिलमध्येच युनिफॉर्म शिवायला आणतात, जूनमध्ये गर्दी नको म्हणून. मी त्यांचं कापड परत करते. कणा सरळ झाला की उंची दोन-तीन सेंटीमीटर वाढते, खांदे बदलतात, कमरेची खाच भरून येते. आधीच्या मापाचं काहीच बसत नाही. ऑपरेशनला सहा आठवडे होऊ द्या, मग आणा. मागे चेन नको, पुढून बटणं हवीत, कारण सुरुवातीला हात मागे जात नाही. पाठीच्या मधोमध शिवण घ्यायची नाही, टाके हुळहुळे असतात. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड आत सोडायचं, वर्षभरात अंग भरलं की उसवून सोडता येतं. शाळा उघडली असली तरी या मुलींचं काम मी रांगेत ठेवत नाही, आधी करून देते.